फॉर्म कॅप्टनच्या फायलीत होता

मेडिकलला अर्ज करणाऱ्या पोरापोरींनो, अभ्यासाचं सांगणारे पुष्कळ भेटतील. मी एकच सांगते. आपला फॉर्म आपल्या हातानं द्या, शिक्क्याची पोच घ्या. मधला माणूस कितीही मोठा असो, त्याच्यावर विसंबू नका.

मी साताऱ्यात इंटर सायन्स झाले. माझे आबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मेडिकलला माजी सैनिकांच्या मुलांसाठी मोजक्याच जागा होत्या आणि माझी सगळी आशा त्या जागांवर. मी फॉर्म भरला, आबांनी तो उचलला आणि गावातल्या रिटायर कॅप्टनकडे नेऊन दिला.

"फॉर्म तर सांगलीच्या कचेरीत घेतात. थेट तिथंच का नाही दिला?" मी आबांना विचारलं.

"आगं, फौजेत कागद सायबाच्या हातनं वर जातो. मधीच उडी मारायची न्हाई."

फौज सुटून सहा वर्षं झाली होती, तरी गावातले सगळे जवान हेच करत.

आठ दिवस झाले. कधीही विचारा, कॅप्टनचं उत्तर एकच, "पुढं गेलाय." पुढं म्हणजे कुठं? कॅप्टनचा मुलगा माझ्याच वर्गात, त्याच जागांसाठी धडपडणारा. त्याला गाठलं.

"तुझा फॉर्म कुठाय?"

"माझा? सोमवारीच सांगलीला देऊन आलो की."

मुदतीला एक दिवस उरलेला. मी तडक कॅप्टनच्या घरी गेले. आबा मागोमाग.

"आवं काका, माझा फॉर्म द्या."

"दम धर, पोरी. शिफारसपत्र टाइप व्हायचंय."

"शिफारस मागितलीय कुणी? तुमच्या पोराला कुठं लागली?"

"हवालदार, पोरगी लय बोलाय लागली तुझी."

आबा ताठ उभे. मी हात पुढं केला तो मागं घेतला नाही. कॅप्टननं फाईल उघडली. 'पुढं गेलेला' फॉर्म तिच्यातच होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं सांगली गाठली. कारकुनानं कागद तपासून शिक्का मारला. आबांनी चाचरत विचारलं, "सायबांची शिफारस न्हाई जोडली, चालंल?"

"कसली शिफारस? सैनिकाचा दाखला हाय, मार्कलिस्ट हाय. सरका पुढं."

परतताना कराडला आबा म्हणाले, "त्याच्या पोराचा सोमवारीच दिला?"

"व्हय."

"आन मला म्हनला, पुढं गेलाय. सायब हाय म्हनून मी उलटून इचारलंच न्हाई."

कॅप्टन विसरला की मुद्दाम दाबून बसला, हे मला शाबीत करता येत नाही. संशय मात्र मी अजून सोडलेला नाही. आणि त्या दिवसापासून आबांनीही नाही.