टॉवरची जागा आणि आईचे तांदूळ

माझी आई चिमूरला एकटी राहते. संध्याकाळी माझा फोन आल्याशिवाय ती ताटाला हात लावत नसे. मी ग्रामसेविका, नेमणूक एटापल्ली तालुक्यातल्या जंगलात, आणि गावात नेटवर्कचा पत्ता नाही. मग रोज ऑफिस बंद करून स्कूटीवर नाल्यावरचा रपटा, म्हणजे बुटका पूल, ओलांडून टेकाडावर जायचं, एक हात वर करून उभं राहायचं आणि आईवर ओरडायचं. "जेवून घेत जा ना वेळेवर!" ती म्हणायची, "नाई लागत व भूक." पावसाळ्यात नाला भरून रपटा पाण्याखाली गेला की फोन बंद. ती उपाशी बसली असेल या विचारानं माझाही घास अडायचा.

म्हणून गावाला टॉवर मंजूर झाल्याचं पत्र आलं तेव्हा मी ऑफिसात एकटीच टाळ्या वाजवल्या. कंपनीचा इंजिनिअर येऊन दोन जागा दाखवून गेला. एक पंचायतीच्या मागं, माझ्या खोलीच्या खिडकीसमोर. दुसरी मधल्या टेकडीपलीकडे, नाल्याकाठच्या गावठाणाच्या पडीत जागेवर. नियम मला पाठ झाले होते: शाळा-अंगणवाडीपासून अंतर, घरांपासून मोकळी जागा, वनजमीन असेल तर वेगळी परवानगी, आणि सगळ्यात वर ग्रामसभेचा ठराव. दोन्ही जागा नियमात बसत होत्या. मी मात्र पहिलीचे कागद सभेआधीच भरून ठेवले. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

सभेत गावाचा भूमिया उठला. गावच्या जमिनीचं मानपान बघणारा हा म्हातारा कधी आवाज चढवत नाही, म्हणून त्याचं सगळे ऐकतात.

"कागद झाला बाई," तो म्हणाला, "पन जागेले इचारलं काय?"

इथं नवं घर बांधायचं तर आधी त्या जागेवर संध्याकाळी चिमूटभर तांदूळ ठेवून वर पानांचा द्रोण पालथा घालतात. सकाळी दाणे जसेच्या तसे असले तर जागा राजी. विस्कटले तर दुसरी बघायची. टॉवरलाही हाच नियम, असं सभेनं एकमतानं ठरवलं. सभेला आलेला इंजिनिअर हसला. मला हसू येईना. त्याच संध्याकाळी भूमियानं पंचायतीमागं आपल्या घरचे तांदूळ ठेवले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी पंचायतीमागं गेले, द्रोण उचलला आणि कपाळावर हात मारला. मुंग्यांनी सगळे दाणे पळवले होते. पुढं जे केलं त्याची आजही लाज वाटते. खोलीत जाऊन डब्यातले चिमूटभर तांदूळ आणले, नीट ढीग केला, द्रोण पालथा घातला आणि अंघोळीला गेले.

गाव जमलं. भूमियानं द्रोण उचलला, एक दाणा बोटांत धरून उन्हात फिरवला. चोराच्या मनात चांदणं.

"बाई," तो म्हणाला, "माहा तांदूळ लाल होता. एका राती इतका गोरा काऊन झाला?"

इथला उखळात कांडलेला तांदूळ तांबूस असतो, हे मला गावात कितीदा जेवूनही सुचलं नव्हतं. माझ्या डब्यातला आईनं चिमूरहून बांधून दिलेला, पांढराशुभ्र. सगळं गाव हसत सुटलं. मी मात्र रडले, आणि रडता रडता आईचं न जेवणं, रपटा, टेकाड सगळं सांगून टाकलं.

हसणं थांबलं. भूमियानं तो दाणा माझ्या हातावर ठेवला. मग म्हणाला, "माय उपाशी राह्यते हे सभेत सांगाचं होतं ना बाई. तुह्या कागदात तं कुठी दिसलं नाई."

त्याच संध्याकाळी नाल्याकाठी तांदूळ ठेवले. सकाळी एकही दाणा हलला नव्हता. ठराव झाला, टॉवर उभा राहिला.

माझ्या खोलीत अजूनही नेटवर्क येत नाही, मधे टेकडी आडवी येते. भूमियाच्या अंगणात मात्र फोन खणखणीत लागतो. पहिल्या संध्याकाळी त्यानं माझ्यासाठी खाट टाकली. आईशी बोलून झालं तसा हात पुढं करून त्यानं फोन मागितला. तिकडून आईचं "जय भीम" मला ऐकू आलं. "जय सेवा, बाई," त्यानं आपला गोंडी नमस्कार घातला. "तुमचा तांदूळ लय गोरा हाय." दोघं कितीतरी वेळ हसत होते.

आता एटापल्लीहून येताना माझी बस जंगलात रखडली की तोच आईला फोन लावतो. "पोरगी येऊन राह्यली, तुमी जेवून घ्या," म्हणतो.

आणि आई जेवते. माझं ऐकून ती एकदाही वेळेवर जेवली नव्हती.