खालचा पहिला थेंब

“एक दिवस तोंड बंद ठेवलं असतंस तर काय दात पडले असते तुझे?”

“दात नाही, दादा. माणसं पडली असती, पाण्यात.”

हे मी स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकलं. मागे दूध उतू गेलं, पण पाय काही दारातून हलेना.

ओरडत होते ते आमचे हे, आणि उत्तर देणारे माझे धाकटे दीर. भावजी बोटींचे मेकॅनिक. जुनी बोट घेणारा आधी त्यांना सोबत न्यायचा. त्या वेळी आम्हीच आमची बोट विकायला काढली होती, आणि गिऱ्हाईक नेमकं भावजींनाच घेऊन आलं! ह्यांनी आदल्या दिवशी इंजिनात नवंकोरं ऑइल भरलेलं, मधासारखं. भावजींनी ऑइल मोजायची पट्टी ओढून पाहिली आणि म्हणाले, “केस काळे केले म्हणून गुडघे तरुण होत नाहीत.” इंजिन तासभर चालवलं, रात्रभर निवू दिलं, म्हणजे ऑइलात पाणी शिरलं असेल तर तळाशी बसतं, आणि सकाळी ऑइल काढायचा खालचा बोल्ट सैल केला. आधी आलं ते पाणी. ऑइल मागून. गिऱ्हाईक आल्या पावली गेलं.

त्यावर नऊ वर्षं दोघं भाऊ एका टेबलाशी जेवले आणि बोलले ते माझ्यामार्फत. “त्याला सांग, मीठ दे.” “वहिनी, दादाला सांगा, मीठ त्याच्याच पुढ्यात आहे.” मी मधल्या मधे निरोप्या. पगार नाही, सुट्टी नाही.

भावजींनी लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायचे, “मुलीकडचे मलाही तपासतील ना!” खिशात सदा एक पांढरं फडकं, माझ्या जुन्या उशीच्या अभ्र्याचं, पांढऱ्यावर ऑइलचा रंग लपत नाही. बोटीवर गेले की आधी इंजिनाला हात लावायचे. गरम लागलं तर माघारी, गरम इंजिन आपली खोड लपवतं. “आपण यायच्या आधीच कुणीतरी उठवून बसवलंय याला. उद्या येतो.”

मग आमच्या लेकीनं एक जुनी बोट पसंत केली. तिला माणसं या काठावरून त्या काठाला न्यायची होती, रोज. ह्यांची झोप उडाली. भावाला विचारावं तर ताठा आडवा येई. चार दिवस येरझारा घातल्या, पाचव्या दिवशी मला म्हणाले, “त्याला सांग...”

“आज निरोप्याची सुट्टी,” मी म्हटलं.

तेव्हा कुठे उठले आणि भावजींच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. “पोर बसणार आहे रे त्या बोटीत.”

भावजी दम्यानं अर्धे झाले होते.  उशाखालचं फडकं काढून खिशात घातलं.

इंजिन गार होतं. पट्टी काढली, तर ऑइल काळंकुट्ट. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. “अरे, हे तर काळं!”

“काम केलेलं ऑइल काळंच असतं, दादा. माझे हात बघ.” थेंब चिमटीत चोळला, कचकच नाही. नाकाशी नेला; जळका वास नाही. इंजिन तासभर चालवलं. “आता उद्या.”

सकाळी धापा टाकत आले. बोल्ट काही त्यांच्यानं हलेना, तेव्हा ह्यांनी पाना धरला. खाली बशी धरून मी. पहिला थेंब काळा. दुसराही काळा. पाण्याचा मागमूस नाही.

“घे गं पोरी,” भावजी म्हणाले.

त्यांनी पाहिलेली ती शेवटची बोट. बोल्ट आवळून घेतला, पट्टी पुसली, जागेवर बसवली, पुन्हा ओढून पुन्हा पुसली. मग फडक्याची मळकी बाजू आत घालून चार घड्या केल्या आणि ते खिशात ठेवलं.