गेलेले धरून

"भावंडं किती?" असं मंदाताई कधी विचारत नसत. "गेलेले धरून किती?" असं विचारत.

मारेगावच्या सरकारी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी हा प्रश्न माझ्या कानावर पडला. एक बाई आपल्या मुलाला घेऊन आली होती. सांधे दुखतात म्हणून पोरगं कण्हत होतं आणि बाई भराभर बोलत होती. स्टुलावर बसलेल्या नर्सबाईंनी, म्हणजे मंदाताईंनी, तिला हा प्रश्न विचारला आणि ती एकदम थांबली. हातातली पिशवी तिने खाली ठेवली.

"मंग सात," ती म्हणाली. "तिघं गेले."

"नावं सांगा त्याईचे."

मला हे काही पटलं नाही. रक्त घ्यावं, तपासावं, रिपोर्ट द्यावा, हे आमचं काम. मेलेल्यांची नावं घेऊन काय करायचं? बाई गेल्यावर मी तसं बोलूनही दाखवलं. मंदाताईंना राग आला नाही. चष्मा पदराने पुसत त्या म्हणाल्या, "तुही मशीन मुकी हाय, शोभा. रगत आजचं सांगते. कालचं माणसालेच विचारा लागते."

सिकलसेल आमच्या भागात घरोघरी माहीत आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, शिरांमध्ये अडकतात, अंग ठणकतं, डोळे पिवळे होतात. हा दोष आई आणि वडील दोघांकडून आला तर मूल आजारी पडतं. एकाकडूनच आला तर ते नुसतं वाहक होतं. धडधाकट राहतं, आणि आपल्या रक्तात काय आहे याचा त्याला पत्ताही नसतो. म्हणून लग्नाआधी दोघांनी रक्त तपासावं, एवढंच आम्हाला लोकांना सांगायचं असतं. पण सांगून ऐकतं कोण? 'आमच्या घराण्यात असलं काही नाही' हे उत्तर तयार असतं. त्या उत्तरावर मंदाताईंनी काढलेला उपाय म्हणजे वंशावळ.

वंशावळ काढायला सुरुवात कुठून करायची हे मी त्यांच्याकडूनच शिकले. लोक एकदम खापरपणज्यापासून सुरू करतात आणि तिथेच अडकतात. मंदाताई जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून समोर ठेवायच्या आणि अगदी खाली, समोर बसलेल्या माणसाचंच नाव लिहायच्या. मग वर आईबाप. मग घरातलं सगळ्यात म्हातारं जिवंत माणूस कोण ते विचारायचं आणि त्याच आठवड्यात त्याच्याकडे जायचं, कारण म्हाताऱ्या माणसाचा पुढचा आठवडा कोणी पाहिलेला नसतो. साल विचारायचं नाही, ते कोणालाच आठवत नाही. मोठ्या बहिणीच्या लग्नाआधी की नंतर, असं विचारायचं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. मेलेल्यावर तिरकी काट मारायची असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, पण त्या मारत नसत. शेजारी बारीकसा ठिपका देत. काट मारली की नाव वाचता येत नाही, म्हणायच्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ओसरीत बसून विचारायचं नाही. स्वयंपाकघरात जायचं.

एकदा आम्ही जवळच्या एका गावात गेलो होतो. घरचा कर्ता माणूस मोठ्या हौसेने सांगायला बसला. त्याने बाप, आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ, त्यांची मुलं अशी सगळी नावं घडाघडा सांगितली. मंदाताईंनी सगळी लिहून घेतली. पान चौकोनांनी भरलं, गोल एकही नव्हता. मग त्यांनी गंभीरपणे विचारलं, "हे सगळे माणसाच्याच पोटी झाले काय वो, बाप्पा?"

आत चुलीपाशी बायका फिदीफिदी हसल्या. मंदाताई पान उचलून सरळ आत गेल्या. त्या घरची म्हातारी लसूण सोलत होती. तिला त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. म्हातारीने सोललेल्या पाकळ्या बाजूला केल्या आणि एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. एक पोरगा 'अंग दुखून दुखून' गेला. एका मुलीचे डोळे हळदीसारखे झाले होते. एकाचं तर बारसंही झालं नव्हतं. पंचवीस वर्षं त्या घरात नांदलेल्या सुना तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. त्यांनीही ही नावं कधी ऐकली नव्हती. उठताना म्हातारी मंदाताईंचा हात सोडेना. "कोणी इचारलंच नाही वो बाई आजपावतर," एवढंच म्हणाली. त्या घरातल्या सगळ्या मुलांचं रक्त पुढच्या आठवड्यात माझ्याकडे आलं.

मंदाताईंची स्वतःची वंशावळ मी खूप उशिरा पाहिली. दुपारी डबा खाताना मीच विषय काढला तेव्हा त्यांनी कपाटातून एक पान काढून समोर पसरलं. माहेरची बाजू गच्च भरलेली होती. सासरच्या बाजूला मात्र पुरुषांची चार-पाच नावं आणि बाकी कोरा कागद. मधोमध त्या आणि त्यांचे यजमान देवरावभाऊ, आणि त्यांच्याखाली एक लहानसा गोल. शेजारी ठिपका. प्रणाली.

"अकरा वर्साची होती," त्या म्हणाल्या. "सिकलसेल होता तिले. ताप आला, छाती भरली. नागपूरले नेता नेता वाटेतच गेली." दुसऱ्या कोणाची केस सांगावी तसं सांगितलं, पान घडी करून ठेवलं आणि भाजी माझ्यापुढे सरकवली. ही गोष्ट मी नोकरीला लागण्याच्या बरीच आधीची. तोवर मंदाताई इतर नर्सेससारख्याच इंजेक्शनं देत होत्या, लसी टोचत होत्या. वंशावळी सुरू झाल्या त्या प्रणाली गेल्यानंतर.

सासरची बाजू कोरी राहण्याचं कारण त्यांचे भासरे, म्हणजे थोरले दीर, वामनराव. पोरगी न्यूमोनियाने गेली, असं ते सगळ्यांना सांगत. सिकलसेलचं नाव निघालंच तर 'ते तिच्या माहेरचं' म्हणून मोकळे होत. हे खोटं आहे हे शाळेत जीवशास्त्र शिकलेल्या कोणालाही कळेल. देवरावभाऊंचं रक्त मी स्वतः तपासलं होतं. ते वाहक होते. रिपोर्ट त्यांनी खिशात घातला आणि मोठ्या भावाला कधीच दाखवला नाही. देवरावभाऊ एसटीत कंडक्टर होते. भरलेल्या गाडीत शंभर माणसांवर आवाज चढवणारा हा माणूस मोठ्या भावापुढे मान वर करत नसे. तसे मनाने चांगले. मंदाताईंचा डबा बऱ्याचदा तेच भरत.

वामनरावांची मुलगी रोशनी. तिच्या कॉलेजच्या अ‍ॅडमिशनसाठी जातपडताळणी करायची होती, आणि त्यासाठी घराण्याची वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते. वामनरावांनी ती तयार केली. देवराव या नावापुढे लिहिलं: अपत्य नाही. खाली देवरावभाऊंची सही. तो कागद मंदाताईंना घरात टीव्हीवर ठेवलेला सापडला.

"प्रणाली कुठी हाय याच्यात?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

ते म्हणाले, "दादानं लिवलं. तिले कायले पायजे? तिले कुठी सर्टिफिकेट काढा लागते?"

हे सगळं मंदाताईंनी मला दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सांगितलं, नळ्यांवर लेबलं चिकटवता चिकटवता. आवाज चढला नाही. फक्त एक लेबल दोनदा फाटलं.

पुढे रोशनीचं लग्न वणीच्या एका मुलाशी जुळलं, आणि त्याच सुमारास मंदाताईंच्या पोटात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, पण आजार पसरला होता. त्यांना आता एकच काळजी लागली होती. रोशनीचं रक्त लग्नाआधी तपासलं जावं. ती वाहक निघाली आणि मुलगाही वाहक असला तर पुन्हा एक प्रणाली जन्माला येण्याची भीती. वॉर्डात भेटायला गेले तेव्हा मी म्हटलं, मी वामनरावांना भेटते, रिपोर्ट दाखवते. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"तू गेली तं ते तुह्यावर भडकतीन अन् पोट्टीले घरात लपवतीन. घरच्या माणसानंच सांगा लागते. याईनं एकडाव भावाले म्हणाव, मले पोरगी होती अन् ती अशी गेली. बस. बाकीचं आपोआप होते."

देवरावभाऊ खाटेपाशी बसून मोसंबी सोलत होते. त्यांनी ऐकलं. मंदाताईंनी त्यांच्याकडे पाहून विचारलं, "दादाले फोन करता काय?"

"पाहू. तू बरी हो पहिले."

मंदाताईंनी डोळे मिटले. मोसंबीची फोड त्यांनी घेतली नाही. माझी त्यांच्याशी तीच शेवटची भेट. त्यांना घरी आणलं ते गाडीतून, झाकून.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला घरासमोर मांडव होता. बुद्धवंदना झाली. गावातले, दवाखान्यातले लोक बोलले. शेवटी वामनरावांनी माईक घेतला. मंदाने किती सेवा केली ते सांगितलं, आणि मग म्हणाले, "तिले सोताचं लेकरू नव्हतं, पण दवाखान्यातले सगळेच लेकरं तिचे होते." लोकांनी माना डोलावल्या. शोकसभेत शोभेल असं वाक्य होतं.

देवरावभाऊ पुढच्या रांगेत बसले होते. ते उभे राहिले. कोणीतरी त्यांना आधार द्यायला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

"होतं, दादा," ते म्हणाले. माईक त्यांच्याकडे नव्हता, पण आवाज मांडवभर गेला. "प्रणाली होती. सिकलसेलनं गेली. अर्धं तिच्या मायकून आलं, अर्धं माह्याकून. माह्याकून म्हंजे आपल्या घरातून. रोशनीचं रगत तपासून घ्या."

आणि खाली बसले. वामनरावांनी माईकवरून जेवण तयार असल्याचं आणि कोणीही उपाशी जाऊ नये असं सांगितलं. पत्रावळी मांडल्या जाऊ लागल्या. ज्या एका माणसाला ते चार शब्द ऐकायचे होते, तिच्या फोटोला हार घातलेला होता.

रोशनी आली. एकटीच आली, बापाला सांगून आली. ती वाहक निघाली. वणीच्या मुलालाही तिनेच बोलावून घेतलं. त्याचं रक्त साफ होतं. लग्न ठरल्याप्रमाणे होणार होतं. मंदाताईंना हवं होतं ते झालं, आणि ते होण्यासाठी त्यांना मरावं लागलं. मी यावर फार विचार करत नाही. केला तर काम होत नाही.

सिकलसेल तपासणीचं कार्ड घ्यायला रोशनी परत आली तेव्हा मी तिची वंशावळ काढून ठेवली होती. अगदी खाली तिचं नाव, वर आईबाप, शेजारी काका-काकू. काका-काकूंच्या खाली लहान गोल. तिने त्या गोलावर बोट ठेवलं.

"कशी होती वो मॅडम ही? मी पाळण्यात होती ती गेली तवा. घरात एक फोटो नाही, दादाजीनं जाळून टाकले म्हणते." दादाजी म्हणजे तिचे आजोबा, तेही गेलेले. "काकाले विचारलं तं ते नुसते रडते. तुम्ही तं काकूच्या मैत्रीण होत्या. काकूनं सांगतलं असन ना तुम्हाले? कोणावर गेली होती? काय आवडे तिले?"

मला वय माहीत होतं. ताप, छाती, नागपूरचा रस्ता, एवढं माहीत होतं. ती हसायची कशी, शाळेत जायला कुरकुर करायची का, आईला काय हाक मारायची, यातलं काहीच माहीत नव्हतं. तालुक्यातल्या बायकांना त्यांच्या गेलेल्या लेकरांबद्दल विचारत फिरणाऱ्या मंदाताईंना त्यांच्या लेकराबद्दल कोणी विचारलं नव्हतं. त्यांनीही आपणहून सांगितलं नाही. आता विचारायला त्या नव्हत्या.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

रोशनीने बोट उचललं नाही. बाहेरून कोणीतरी पुढचा नंबर विचारत होतं. मी उठून दार लोटून घेतलं आणि तिच्या शेजारी बसले.