दोन सेकंदांची जागा

लिफ्टमास्तरांनी अडतीस वर्षं बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढली. आत अडकलेल्याशी दाराच्या फटीतून बोलत राहायचं आणि बोलता बोलता हात चालवायचा, ही त्यांची पद्धत. निवृत्तीनंतर हाताशी उरली ती वायरलेसची हौस. बाल्कनीत तार ताणलेली, परवाना भिंतीवर, आणि रोज सकाळी सातला सेटवर बारा जणांचा कट्टा. हजेरी घ्यायची त्यांची थोरली ताई. ती तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली होती.

"फोन आहे की हो घरात," बायको म्हणायची.

"फोनवर दोघंच असतात. इथे ताईला सगळे भेटतात."

कट्ट्याचा नियम एकच, पण कडक. समोरच्याचं बोलणं संपलं की दोन सेकंद गप्प राहायचं. कुणाला तातडीचं सांगायचं असेल तर त्याला मधे शिरायला जागा हवी. घाई करणाऱ्याला ताई झापायची, "गाडी सुटतेय का रे तुझी?"

त्या वर्षी परदेशात सगळ्या देशांची परिषद भरली. लहरींचा कुठला पट्टा कुणी वापरायचा, ते तिथे ठरतं. कट्टा भरायचा तो पट्टा उपग्रहवाल्या कंपन्यांना हवा होता, आणि ताईच्या जुन्या सेटवर दुसरा लागतच नव्हता. अशात दूरसंचार खात्यानं जाणकार म्हणून मास्तरांना शिष्टमंडळात घेतलं. कट्टा हरखला. बायकोनं सुटकेसमध्ये दोन स्वेटर कोंबले आणि बजावलं, "तिथे भिडेखातर गप्प बसू नका."

पहिल्याच दिवशी प्रमुख साहेब चहात साखर ढवळत म्हणाले, "काका, या मुद्द्यावर आपला आक्षेप नाही. वरून ठरलंय."

"मग मला कशाला आणलंत?"

"हौशी लोकांना विचारलं, असं कागदावर दिसायला नको? आणि देशाच्या नावाच्या पाटीमागे बसून आपल्याच देशाविरुद्ध बोलायचं नसतं, बरं का."

मागच्या रांगेत हौशींच्या संघटनेचे निरीक्षक होते. त्यांना बोलायला मोकळीक होती, पण आक्षेप घ्यायचा हक्क फक्त देशांना. मास्तर देशाच्या पाटीमागे होते आणि त्यांचंच तोंड बांधलेलं. एका देशानं जरी हरकत घेतली असती, तरी विषय चार वर्षं पुढे गेला असता. नऊ दिवस ते गळ्यातल्या बिल्ल्याशी चाळा करत, खिडक्या नसलेल्या त्या दालनात बसून राहिले.

दहाव्या दिवशी साहेबांना बाहेर बोलावणं आलं. "पाटी सांभाळा," म्हणून ते गेले, आणि नेमका त्या पट्ट्याचाच परिच्छेद चर्चेला निघाला. अध्यक्षबाईंनी वाचून दाखवला. पलीकडच्या एका देशानं दोन वाक्यांत पाठिंबा दिला.

बोलायचं असेल तर पाटी उभी करायची, अशी तिथली रीत. मास्तरांनी पाटीवर हात ठेवला. साहेब काय करतील ते करोत, पण ताईची सकाळ जाऊ द्यायची नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. समोरच्याचं बोलणं संपलं. मास्तर थांबले. एक... दोन...

"हरकत नाही? मंजूर." हातोडा पडला.

पाटी उभी राहिली ती त्यानंतर. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तो परिच्छेद झाला. पुढच्यावर बोलायचंय का?"

मास्तरांनी माइकचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. "नाही," ते म्हणाले.

साहेब परतले. "काय काका, पाटी का उभी?"

"हात लागला."

घरी आल्यावर दुसऱ्या सकाळी त्यांनी सेट लावला. ताईनं हजेरी बाजूला ठेवून आधी विचारलं, "पेपरात आलं ते वाचलं. तू बोललास की नाही?"

कट्टा कान देऊन होता. मास्तरांनी नियमाप्रमाणे दोन सेकंद जाऊ दिले. मग म्हणाले, "बोलणारच होतो, ताई. समोरच्याचं संपल्यावर आत्ता थांबलो ना, तेवढंच तिथेही थांबलो. तेवढ्यात हातोडा पडला."

कुणीच मधे शिरलं नाही. दोन सेकंद झाले, चार झाले, दहा झाले.

"कधीपर्यंत आहे आपल्याला हा पट्टा?" शेवटी ताईनं विचारलं.

"चौदा महिने."

"बरं," ती म्हणाली. तिचा आवाज जरा चिरकला, सेटमुळे असेल. "हजेरी घेते. सावकाश बोला रे सगळे."