टक्कल पडलेली मेंढी

शिशुवर्गाच्या बाईंच्या हाताला वळण होतं, हे कुणीही कबूल केलं असतं. त्यांनी कातरलेला कागदाचा गोल कंपासानं काढल्यासारखा यायचा. त्यांचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. लहानपणी बाई त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून उरल्यासुरल्या रंगानं अक्षरं काढायच्या. एखादं अक्षर जरा कललं, की वडील काही न बोलता टर्पेंटाइनचा बोळा फिरवायचे आणि त्याच जागी स्वतः सरळ अक्षर काढायचे. मग घरी आलेल्यांना कौतुकानं सांगायचे, "हे आमच्या पोरीनं काढलंय बरं का!" पोर मान खाली घालून उभी राहायची. पाहुण्यांना वाटायचं, लाजाळू आहे.

पुढे बाई शाळेत लागल्या. शाळा म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. बुटकी टेबलं, खिळ्यांना टांगलेले रंगीबेरंगी ॲप्रन, खिडकीत डिंकाच्या बाटल्या. बाटल्यांची तोंडं सदा चिकटून बसलेली, त्यामुळे बाईंच्या पदराला कायम एक टाचणी असायची. झाडांची पानं गळायला लागली की मुलं ती वेचून आणायची आणि त्यांची घुबडं व्हायची. थंडी पडली की कापसाच्या मेंढ्या आणि जुन्या मोज्यांच्या बाहुल्या. हिवाळ्याची सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी हे सगळं दोरीला चिमटे लावून टांगायचं आणि घरच्यांनी येऊन बघायचं, असा तिथला रिवाज होता.

बाईंची खोड होती ती इथेच. दुपारी मुलं घरी गेली की त्या दार लोटून घ्यायच्या आणि मुलांच्या कामावर 'जरा हात फिरवायच्या'. सुरुवातीला खरोखरच जरा. सुटलेला कोपरा दाबला, ओघळलेला डिंक पुसला, एवढंच. मग एखाद्या घुबडाचे दोन्ही डोळे एकाच बाजूला दिसले, की एक उचलून पलीकडे गेला. होता होता अशी वेळ आली, की मागे लिहिलेलं नाव तेवढं मुलाचं आणि बाकी सगळं बाईंचं.

शाळेची झाडलोट करणाऱ्या, मुलांची नाकं पुसणाऱ्या मावशी शेजारी बसून त्यांना कापूस मोकळा करून द्यायच्या.

पालक तर खूश! एक आई दरवर्षी म्हणायची, "आमच्या चिरंजीवांच्या हातात घरी रंग दिला की भिंतीची वाट लागते. तुमच्याकडे इतकं नेटकं कसं काय करतो हो?"

"बसवावं लागतं त्यांना," असं म्हणून बाई हसायच्या. हसताना आत कुठेतरी टोचायचं, पण तेवढ्यात दुसरं कुणीतरी कौतुक करायला यायचं.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. आवाज बारीक, खाणं त्याहून बारीक, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे. मेंढ्या करायच्या दिवशी चिमणी जीभ बाहेर काढून सकाळभर एका जागी बसली होती. बाईंनी जवळ जाऊन पाहिलं. मेंढीच्या पोटाला आणि कानांभोवती कापूस होता, डोकं मात्र कोरं करकरीत. आणि पुढच्या बाजूला तपकिरी कागदाचा एक लांबडा पाय जादा चिकटवलेला.

"अगं, मेंढीला पाय किती असतात?"

"चार."

"मग हा कुठला?"

चिमणीनं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडे कुणाचीतरी डिंकाची बाटली आडवी झाली आणि बाई तिकडे धावल्या. परत काही त्यांनी विचारलं नाही.

दुपारी त्यांनी तो पाय नखानं सोलून काढला. मावशी म्हणाल्या, "पोरगी सकाळभर बसली होती हो त्याच्यापुढे. राहू द्या की एक तशीच."

"आणि लोक काय म्हणतील? बाईंना शिकवता येत नाही, असंच ना?" बाईंनी डोक्यावर छान गुबगुबीत कापूस बसवला, चारी पाय सारखे कातरले आणि मेंढी दोरीला लावून टाकली. सोललेला पाय केरात गेला.

दुसऱ्या दिवशी खोल्या माणसांनी भरून गेल्या. चिमणी आईबरोबर आली होती आणि तिनं दुसऱ्या हातानं आजोबांचं बोट धरलं होतं. आजोबांच्या कानांभोवती पांढऱ्या केसांची झालर होती, वर चकचकीत टक्कल, आणि हातात तपकिरी काठी.

बाईंनी ती काठी पाहिली. मग टक्कल पाहिलं.

"नमस्कार बाई," आजोबा हसत म्हणाले. "घरी आमच्याकडे एकच घोशा चाललाय. आजोबांची मेंढी केलीय, तिच्या डोक्यावर लोकर नाही आणि तिला काठी आहे म्हणे! बघू तरी म्हटलं आपलं रूप." मग त्यांनी दोरीवरच्या एकसारख्या, गुबगुबीत मेंढ्यांवरून नजर फिरवली. "यातला मी कोणता?"

आजूबाजूचे हसले. बाईंनी हळूच एका मेंढीकडे बोट दाखवलं.

"ही नाही," चिमणी म्हणाली.

आईनं मेंढी उलटी करून दाखवली. "असं काय करतेस? तुझंच नाव आहे ना मागे?"

"नाव माझं आहे. मेंढी माझी नाही."

तिनं दोरीवरच्या सगळ्या मेंढ्या एकेक करून पाहिल्या. मग टेबलाखाली वाकली. मग कोपऱ्यातल्या केराच्या टोपलीत डोकावली. टोपली रिकामी होती. सगळे बाईंकडे बघायला लागले.

तेव्हा खरं बोलायचं होतं. एका वाक्याचं तर काम होतं. पण मुख्याध्यापिका समोर उभ्या होत्या, आणि बाईंच्या तोंडून भलतंच निघून गेलं. "काठी सुटून पडली असेल हो. मावशी झाडतात ना घाईघाईत... केरात गेली असेल."

मावशी पाण्याच्या पेल्यांचा ट्रे घेऊन दारातच होत्या.

"मावशी, किती वेळा सांगितलं तुम्हाला?" मुख्याध्यापिका सगळ्यांदेखत बोलल्या. "मुलांच्या वस्तू बघून झाडत जा!"

मावशींनी बाईंकडे पाहिलं. बाई दोरीवरचा एक चिमटा नीट करायला लागल्या.

"चुकलं," एवढंच मावशी म्हणाल्या आणि ट्रे ठेवून आत गेल्या.

"असू द्या हो, एवढं काय त्यात," आजोबा म्हणाले. पण चिमणीनं मेंढीचं डोकं चाचपलं. "आणि डोक्यावर लोकर कुणी लावली?" तिनं विचारलं. बाई दुसऱ्या पालकांकडे वळल्या.

सुट्टी लागली, पण बाईंना कसली सुट्टी! भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ते 'चुकलं' कानात यायचं आणि एकटं असतानाही तोंड लपवावंसं वाटायचं. नवरा बस चालवायचा. एकदा जेवताना तो म्हणाला, "तोंड का एवढंसं झालंय?" बाईंनी सगळं सांगितलं.

"एवढंच ना? कागदाची मेंढी ती. शाळा उघडेपर्यंत सगळे विसरतील."

"मावशी कशा विसरतील?"

त्यावर नवऱ्यानं नुसता पाण्याचा पेला पुढे सरकवला.

शेवटी बाई मावशींच्या घरी गेल्या. मावशी दारात बसून गादीची उसवलेली शिवण घालत होत्या. त्यांनी या म्हटलं, बसायला पाट दिला, पण सुई काही खाली ठेवली नाही.

"मावशी, माझं फार चुकलं. माफ करा मला."

"बोलणी खायची सवय आहे हो मला," मावशी शिवता शिवता म्हणाल्या. "पण माझी नात होती त्या दिवशी तिथे, बघायला आली होती. घरी येऊन तिनं विचारलं, आजी, तू त्या मुलीची मेंढी का टाकलीस? काय सांगणार होते मी तिला?"

बाईंना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "मी येऊन सांगते तिला."

"तिला मी सांगीन माझं मी. तुम्ही ज्यांच्यासमोर बोललात, त्यांना सांगा."

शाळा उघडली त्या सकाळी बाई फाटकापाशीच उभ्या राहिल्या. मुलांना सोडायला आलेल्या पालकांना त्यांनी थांबवून घेतलं. "मावशींनी काहीही टाकलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मीच काढलं होतं. सगळ्याच मेंढ्या मी केलेल्या होत्या. घुबडंसुद्धा."

मग दरवर्षी कौतुक करणारी ती आई म्हणाली, "म्हणजे आमच्या दिवाणखान्यात फ्रेम करून लावलंय ते घुबड तुमचं?"

"हो."

"येईल त्याला दाखवत होतो की आम्ही!"

कुणी हसलं, कुणी तोंड वाकडं करून निघून गेलं. एक वडील मुख्याध्यापिकांकडे तक्रार घेऊन गेले. दुपारी मुख्याध्यापिकांनी बाईंना बोलावून चांगलंच फैलावर घेतलं. शाळेचं नाव घालवलंत, असंही म्हणाल्या. बाईंनी ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "मावशींना तुम्ही सगळ्यांदेखत बोललात. तेवढं सगळ्यांदेखत मागे घ्या." मुख्याध्यापिकांनी ते मागे घेतलं, पण ऑफिसात, दार लावून.

आजोबा मात्र सकाळी फाटकापाशी काठीवर रेलून मिस्कीलपणे म्हणाले होते, "मला शंका आलीच होती. एवढे केस मला तरुणपणीही नव्हते." बाईंना हसू आलं नाही. त्या चिमणीपुढे उकिडव्या बसल्या. "तुझी मेंढी मी मोडली. तुला न विचारता. मावशींनी नाही, मी."

"का?" तिनं विचारलं.

"मला वाटलं, माझी जास्त छान दिसेल."

चिमणी वर्गात गेली.

त्यानंतर बाईंनी मुलांच्या कामाला हात लावला नाही. हात शिवशिवायचे, तेव्हा त्या बाटल्यांची तोंडं मोकळी करत बसायच्या. दोरीवर आता तीन पंखांची फुलपाखरं आणि आकाशाइतके मोठे किडे दिसायला लागले. काही पालकांना ते आवडलं, काहींनी पुढच्या वर्षी मूल दुसऱ्या शाळेत घातलं.

मावशी बाईंशी कामापुरतं बोलायच्या. बाईंनीही जास्तीची अपेक्षा ठेवली नाही.

ऊन वाढायला लागलं तसं मुलांनी हाताचे ठसे उमटवून फुलं केली. चिमणीचं फूल पुरं होता होता सुट्टीची घंटा झाली, आणि रंग तर ओलाच होता. बाईंनी वाळत घालायला म्हणून हात पुढे केला, तेवढ्यात चिमणी कागद दोन्ही हातांनी सपाट धरून, पावलं जपून टाकत मावशींकडे गेली.

"तुमच्या कपाटात ठेवता?" ती बारीक आवाजात म्हणाली. "बाईंना देऊ नका हं."

मावशींनी एकदा बाईंकडे पाहिलं आणि कागद घेतला. बाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला, आणि दुसऱ्या मुलांचे रंगलेले पंजे धुवायला त्यांना घेऊन नळावर गेल्या.