लाल थैली ओट्यावरच राह्यली

देवीवर माहा राग होता, हे आधीच सांगून देते. आमच्या घरात बाकीचे समदे तिच्यापुढं हात जोडून काही ना काही मागत राह्यतात. मी त्या दिवशी सरळ भांडायले गेली. आणि भांडायचं कारण काय, तं एक थैली.

माहं लेकरू वेळेच्या आधी झालं. वजन कमी, अंगावर मांस नाही. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईनं एकच गोष्ट बजावली होती, की याले ओलं राहू देऊ नका, गारठू देऊ नका, बाकी काही नाही केलं तरी चालते. सवा महिना मी रात्रंदिवस तेच केलं. लंगोट चाचपायची माह्या हाताले सवयच लागली. सवा महिना झाला की आमच्यात लेकराले पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर काढतात, ते देवीच्या पायावर घालायलेच. आमची देवी टेकडीवर, आमच्या गावाहून, किन्हीराजाहून, ऑटोनं तासाभराचा रस्ता, आणि दिवस थंडीचे.

मी म्हटलं, एक झोला घेऊ. लंगोट, दुपटे, टोपरं, झालं. दूध तं माह्यापाशीच आहे, ते काही डब्यात भरा लागत नाही. पण ऐकते कोण? सासूबाई आणि त्यायची बहीण, म्हणजे आमच्या मावशी, अशा भरायले बसल्या की जसं लेकरू सासरीच चाललं! चांदीचा खुळखुळा. काजळाची डबी. दृष्ट काढायले मीठ-मिरच्या. नारळ, ओटीचं सामान. तिथं कोणी पाहुणं भेटलं तं द्यायले जरीच्या साड्या. थर्मास, आणि त्यात चहा. आता लेकरू चहा पिते का? "असू दे वं, लागते!" हे मावशीचं, नाकातून, मान वाकडी करून. मावशीची नक्कल मी अशी करते की पलंगावरचे सासरेबुवा उठून बसतात. तं "असू दे वं, लागते" करता करता थैल्यायचा ढीग झाला, आणि माही लंगोट-दुपट्यायची लाल थैली त्या ढिगामागं सरकत ओट्याच्या कोपऱ्यात गेली. मावशी तिच्याच बाजूले बसून होत्या. घर राखायले त्या मागंच राहणार होत्या.

टेकडीवर पोचलो आणि लेकरानं आपलं काम केलं. साधं नाही, लंगोट, दुपटं, माही शाल, सगळं पार करून माह्या लुगड्यापर्यंत. वारा असा की कानात सुया टोचून राह्यल्या. मी हात मागं केला, म्हटलं लाल थैली द्या. यायनं, म्हणजे लेकराच्या बाबानं, ऑटो उलटापालटा केला. नारळ निघाले, खुळखुळा निघाला, लाल थैली नाही. मी मावशीले फोन लावला.

"हो, हे काय माह्या बाजूलेच आहे," मावशी म्हणे. "तुमी निघाले तवाच दिसली होती मले."

"दिसली? मंग सांगितलं काहून नाही?"

"अवं, निघालेल्या माणसाले मागून हाक मारा लागते का? त्यात लेकराचं पहिलं निघणं!"

"मंग फोन तरी करायचा होता!"

"फोन काय हाक नाही का?"

मी फोन बंद केला. नाहीतर काय बोलली असती, देवीलेच माहीत. हे ऑटो घेऊन थैली आणायले परत निघाले. म्हणजे जाऊन-येऊन दोन तास. सासूबाईनं जरीची साडी काढली, तिच्यात गुंडाळून पाह्यलं. जर टोचे, साडी घसरे, ओल काही शोषून घेईना, लेकरू रडून रडून निळं व्हायले लागलं. मंग रडणंही बारीक झालं, आणि तेच मले जास्त भेवडावून गेलं. मी त्याले उघड्या अंगानं माह्या छातीशी धरलं, पदर ओला, तरी धरलं, आणि तशीच देवीसमोर जाऊन उभी राह्यली.

मी हात जोडले नाही. म्हटलं, पाहून राह्यली ना तू? तुह्यासाठी इतके नारळ आले, खण आला, आणि माह्या लेकराले एक कोरडं फडकं नाही? मंग मावशीच्याच आवाजात, नाकातून, मान वाकडी करून देवीच्या तोंडचं बोलली, "असू दे वं, मले लागते!" आणि रडली.

मागून कोणीतरी हसलं. पाह्यलं तं एक पोक्त काकू, खांद्यावर लहानशी कापडी पिशवी. कारंज्याच्या, दुकानदार जैन घरच्या. आपल्या मंदिरात पूजेले चालल्या होत्या, गाडी टेकडीखाली पंक्चर झाली, डायव्हर चाक बदलेपर्यंत वर येऊन बसल्या होत्या. लेकराकडं लक्ष गेलं आणि त्यायचं हसू थांबलं. काही न विचारता त्यायनं पिशवीतून पांढरी सुती साडी काढली, घड्या घालून ठेवलेली, धुवून धुवून लोण्यासारखी मऊ झालेली.

सासूबाई दचकल्या. "बाई, हे तं तुमचं पूजेचं दिसते. कोणाचा हात नाही लागू देत न तुमी?"

"पूजेलेच चालली होती," काकू म्हणाल्या. "होऊन जाऊ दे इथंच."

त्यायनं लेकराले माह्या हातातून घेतलं, पुसलं, गुंडाळलं, पायापासून कानापर्यंत. लेकरानं त्या पवित्र साडीत तात्काळ मुतून दिलं. काकू म्हणे, "घ्या, अभिषेकही झाला. पोरी, साडी लांब आहे. ओलं झालं की पुढं सरकवत जाय." हळूहळू त्याचे पाय गरम झाले. ओठ लाल झाले. मंग त्यानं दूध ओढलं, आणि माहा जीव जाग्यावर आला. खालून हॉर्न वाजला तशा काकू उतरून गेल्या. नाव विचारायचं मले सुचलंच नाही. त्याच साडीत मी लेकराले देवीच्या पायावर घातलं, आणि तेव्हा कुठं वाकली.

थैली आली तेव्हा लेकरू ऊबदार झोपलं होतं. थैलीत मावशीनं अजून एक नारळ टाकून देला होता.

पंक्चर कोणी केलं, मी विचारत नाही. सवा महिना मले वाटे, की लेकरू माह्या एकटीच्याच हातानं कोरडं आहे. त्या दिवशी माहे हात रिकामे होते, तरी ते कोरडं झालं. आता बाहेर निघताना माह्या झोल्यात थोडे लंगोट आणि ती पांढरी साडी असते. मावशीवरचा राग काही गेला नाही. निघताना मी मुद्दाम म्हणते, "काही राह्यलं असंल तं हाक मारा बरं, मावशी." त्या तोंडाले पदर लावून घट्ट उभ्या. मंग मीच वळून ओटा पाहून घेते, आणि न दिसलेलं देवीवर सोडून निघते.