बीइनची दोन नखं

आमच्या किनाऱ्यावर कालवं फोडणाऱ्या बाईच्या बोटांना नखं शोधू नयेत. हुआंग बीइनच्या उजव्या अंगठ्याला आणि तर्जनीला मात्र चांगली लांब नखं होती. ती जपायला ही बाई सुरी डाव्या हातात धरायची. इतरांच्या दोन टोपल्या भरेपर्यंत हिची जेमतेम एक.

"राणीसाहेबांची नखं दुखली का गं?" मोठी जाऊ विचारायची.

"नखं नाही दुखत, वहिनी. कान दुखतात."

नखं हवी होती पिपा वाजवायला. पी म्हणजे तार पुढे छेडणं, पा म्हणजे मागे. उजव्या हाताचं काम नावातच आलं. हे वाद्य म्हणे फार पूर्वी पश्चिमेकडून उंटांच्या तांड्यांबरोबर आलं. पुढे बाकीच्यांनी ते उभं धरलं, बोटांना खोटी नखं चिकटवली. आम्ही छ्वेनचौवाले हट्टी, अजून मांडीवर आडवंच धरतो. खोटं नख दिसलं तर आमच्या वाद्यमंडळाचे झ्वांगकाका चहासुद्धा विचारत नाहीत.

मंडळात पिपा पुढे जाते, बाकीची वाद्यं तिच्या मागून. तीस वर्षं ती खुर्ची काकांची. बारा वर्षं शिकवल्यावर यंदाच्या शरदातल्या पूजेला त्यांनी बीइनला त्या खुर्चीवरून वाजवायला एक गाणं दिलं. "जमलं तर पुढचं बघू. नाही तर कालवं आहेतच."

पूजेच्या सकाळी जेवणाची कालवं फोडताना जावेचा हात कापला. तिचीही टोपली बीइनने ओढली. घाईत सुरी कधी उजव्या हातात गेली, तिलाच कळलं नाही. दोन्ही नखं मुळापासून तुटली.

"काका, नुसत्या बोटांनी वाजवते."

"ऐकू कुणाला येणार?"

"समोरच्याला आलं तरी पुरे."

समोरचा म्हणजे मी. मी उभी बासरी वाजवतो. माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो, आणि याची मला भलतीच घमेंड होती.

तिने सुरुवात केली. आमच्या रीतीप्रमाणे एक सावकाश आघात, मग जरा लवकर दुसरा, मग तिसरा, आणि शेवटी बोटं धावत सुटतात. पण नखाविना आवाज कापसात गुंडाळल्यासारखा. मी पहिली फुंकर मारली आणि तिची पिपा बुडाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिपा ऐकू आली नाही तर मी जाणार कुठे? श्वास आवरला, अगदी मेणबत्तीही विझणार नाही इतका. सारंगीवाल्याने गज हलका केला. ऐकायला बसलेल्या जावेने बिया सोलणं थांबवलं. तेव्हा कुठे मला कळलं, ही बाई प्रत्येक सूर किंचित थांबवून सोडते. बारा वर्षं समोर बसून मी ते ऐकलंच नव्हतं. डोळे भरून आले, आणि हात बासरीवर असताना ते पुसताही येईनात.

गाणं संपलं. पुढचं काकांचं. ते तिच्यापाशी आले. बीइन उठली आणि रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी पिपा पुढे केली.

काकांनी हात मागेच ठेवले. तिच्या शेजारच्या तीनतारीवाल्याला खांद्याला धरून उठवलं, त्याचं वाद्य घेतलं आणि त्याच्या जागी बसले.

"उभी काय राहिलीस? सुरू कर. मी मागून येतो."